तुमच्या डब्यातलं मीठ

सर,

सेनगावच्या विहारात तुम्ही गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात माझं नाव पुकारलं गेलं आणि मी उठले नाही. तुमचा मुलगा माझ्याकडे बघत होता, आपल्या नर्सिंग स्कूलच्या मुली बघत होत्या, प्राचार्य मॅडमनी तर हातानं खूणही केली. मी मान हलवली आणि सतरंजीकडे बघत बसून राहिले. लोकांना वाटलं, शाहीन मॅडमला रडू आवरत नाहीये. ते रडू नव्हतं. माझ्याआधी बोललेल्या सगळ्यांनी तुमच्या खरेपणाचे गोडवे गायले होते. गायकवाड सरांनी कधी कुणाला अंधारात ठेवलं नाही, असं तुमचा एक जुना विद्यार्थी छातीठोकपणे म्हणाला. त्यानंतर मी उठले असते तर जे बोलले असते, ते पांढऱ्या साडीत पुढे बसलेल्या काकूंसमोर बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे लिहिते आहे. तुम्ही मला फसवलंत, सर. बाहेरच्या कुणी फसवलं असतं तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. तुमच्या बाबतीत तेही जमत नाही, आणि त्याचाही राग येतो.

तुम्हाला तो पहिला तास आठवत असेल, कारण तुम्ही तो दरवर्षी नव्या मुलींना माझ्यासमोर रंगवून सांगायचात. मी डोंगरकड्याची, कल्हईवाल्याची पोरगी. बारावीला रसायनशास्त्रात जेमतेम निघालेली. हिंगोलीला नर्सिंगला आले ती इंजेक्शन द्यायला शिकायचं म्हणून, आणि इथे येऊन कळलं की शरीराचं कामकाज शिकायच्या आधी रसायनशास्त्राची तोंडओळख करून घ्यावी लागते. ती करून द्यायला सेनगावच्या ज्युनियर कॉलेजातून निवृत्त झालेले एक सर रोज एसटीनं येतात. तुम्ही आलात, हजेरी घेतलीत आणि मलाच उभं केलंत.

"वडील काय करतात?"

"कल्हई," मी पुटपुटले. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

"मंग नवसागर बघितलाय तू," तुम्ही म्हणालात. बघितलाय म्हणजे काय सर, त्याच्या धुरात खोकतच मी मोठी झाले. तापलेल्या पातेल्यात अब्बा नवसागराची चिमूट टाकायचे, भसकन पांढरा धूर उठायचा आणि आमच्या डोळ्यांतून पाणी यायचं. तुम्ही सगळ्या वर्गाला म्हणालात, "हिच्या घरच्या धुरात नाकाला जे झोंबतं ना, तो अमोनिया. तोच अमोनिया आत्ता तुमच्या सगळ्यांच्या अंगात तयार होऊन राहिला. सकाळी डाळ खाल्ली, अंडं खाल्लं, त्यातल्या प्रथिनांची मोडतोड झाली की मागं अमोनिया उरतो. तो अंगात साचला तर मेंदूला बाधतो. म्हणून यकृत त्याचा युरिया करतं, रक्त तो युरिया वाहून नेतं आणि मूत्रपिंड त्याला बाहेर काढतं. हे काम तुमी झोपल्या तरी चालू असतं." मग माझ्याकडे वळून म्हणालात, "आता सांग, रसायनशास्त्र तुझ्या घरचं हाय का परक्याचं?" मागच्या बाकावरचं हसणं थांबलं होतं. त्या रात्री मी अब्बांना फोन करून नवसागरात काय असतं ते सांगितलं. ते म्हणाले, "इत्ते साल हमें तो मालूमच नै था." त्यांना झालेला आनंद फोनवरसुद्धा कळत होता.

एवढं देऊन ठेवलंत, म्हणून तर आज इतकं लागतं.

तुमची खोड सगळ्यांना ठाऊक होती. उत्तर पूर्ण आलं तर तुम्ही फक्त "बराबर" म्हणायचात, शाबासकी वगैरे नाही. अर्धं आलं तर "पुढं?" आणि थांबायचात. खडू हातात घेऊन, मुलगी घामाघूम होईपर्यंत थांबायचात. मला सोडियम आणि पोटॅशियम शिकवलंत तेव्हा असंच झालं. मी पाठ करून आलेलं घडाघडा म्हणून दाखवलं, पेशीच्या बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त. तुम्ही म्हणालात, पुढं? मला पुढं काही नव्हतं. मग तुम्ही आम्हाला वर्गातल्या वर्गात हिंगोली-सेनगाव एसटीत बसवलंत. "मीठ हे एकट्याचं नाव न्हाई, खानदानाचं नाव हाय. आपल्या जेवणातल्या मिठात सोडियम बसलेला असतो. त्याला उठवलं म्हणून सीट रिकामी राहत न्हाई, खिडकीतून कुणाचा तरी रुमाल पडलेलाच असतो. सोडियम काढला असं कुणी म्हणलं की लगेच विचारायचं, त्याच्या जागी कोण येऊन बसला?" आणि त्याच तासाला तुम्ही सांगितलंत की पोटॅशियम हा पेशीच्या आत राहणारा गडी आहे, रक्तात त्यानं बेतानंच असावं. तो रक्तात वाढला की हृदयाच्या ठोक्याचा ताल बिघडतो, आणि जास्तीचा बाहेर काढायचं काम मूत्रपिंडाचं. मूत्रपिंड थकलं असेल तर माणसानं केळंसुद्धा विचारून खावं. मी हे सगळं लिहून घेतलं, परीक्षेत लिहिलं, पुढे शिकून याच शाळेत शिकवायला आले आणि तेच मुलींना सांगत राहिले.

मग आपण एका टेबलाचे झालो. डबे समोरासमोर उघडायचे आणि भांडायचं. आपलं भांडण एकच होतं आणि ते मिटलं नाही. मी म्हणायचे, सर, या पोरी उद्या कनेरगाव नाक्याच्या उपकेंद्रात एकट्या बसणार, त्यांना काय करायचं आणि काय नाही एवढं पक्कं सांगा, आयन घेऊन त्या काय करतील? तुम्ही म्हणायचात, "काय करायचं ते ठाऊक असलेली पोरगी नेहमीच्या पेशंटला वाचवंल. काहून करायचं ते ठाऊक असलेली, वेगळा पेशंट आला तरी वाचवंल." मी म्हणायचे, पगार नेहमीच्या पेशंटचाच मिळतो. तुम्ही हसायचात आणि माझ्या डब्यातली चटणी उचलायचात.

ती चटणी उचलणं तुम्ही कधी बंद केलंत, हे मी आता आठवत बसते.

गेल्या दोन वर्षांत तुमच्या डब्यातली बटाट्याची भाजी पांचट दिसायला लागली. मी चिडवायचे, काकूंचा हात बिघडला वाटतं. तुम्ही म्हणायचात, व्हय, म्हातारी झाली ती. अब्बा डोंगरकड्याहून तुमच्यासाठी केळीची फणी पाठवायचे, ती तुम्ही वर्गात वाटून टाकायचात. मला तुमच्या दिलदारपणाचं केवढं कौतुक. खिशात लवंगा आल्या, बोलताना एक तरी दाढेखाली असायचीच; तोंडाला येणारा अमोनियाचा वास झाकायला, हे आता कळतं. बूट गेले आणि मोठ्या मापाच्या चपला आल्या. महिन्यातून एकदा नांदेडला भाच्याकडे जायचात, आणि मी म्हणायचे, सर, भाच्याला तरी एकदा हिंगोलीला बोलवा. भाचा कसला आणि काय. प्रत्येक वेळी तुमच्याकडे उत्तर तयार असायचं, हसत दिलेलं, आणि मी ते खरं मानायचे, कारण ते तुमचं होतं. दुसऱ्या कुणाच्या पायाला अशी सूज दिसली असती तर मी बोटानं दाबून बघितली असती. तुमच्या पायाला हात लावायचा तर नमस्कारासाठी, एवढंच मला सुचत होतं.

मग हिवाळ्यात एक दिवस तुम्ही म्हणालात की बीपी वाढलंय आणि डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलंय. एवढंच म्हणालात. बीपी होतंच, खोटं नव्हतं ते. ज्याच्यामुळे होतं ते तेवढं पोटात ठेवलंत. मी हिंगोलीतली दुकानं पालथी घातली आणि कमी सोडियमच्या मिठाचं पाकीट शोधून आणलं. तुमच्यासमोर ठेवलं आणि विद्यार्थिनीसारखी ताठ बसून सांगितलं, "सर, यातला बराचसा सोडियम उठवलाय आणि त्याच्या सीटवर पोटॅशियम बसवलाय. बीपीवाल्याला दोन्हीकडून फायदा." तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात, पाकीट डोळ्यांजवळ धरून मागचं बारीक छापलेलं वाचलंत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वापरू नये. मीही ते दुकानात वाचलं होतं आणि हे आपल्या कामाचं नाही म्हणून पुढे गेले होते. ज्याच्यासाठी ते छापलं होतं तो माणूस माझ्यासमोर बसून ते वाचत होता. तुम्ही पाकीट खाली ठेवलंत आणि म्हणालात, "बराबर."

पुढं, असं नाही विचारलंत. इतक्या वर्षांत माझं एकही अर्धं उत्तर तुम्ही सोडलं नव्हतं, सर. खडूचा एक साधा शब्द होता तो. तुम्ही तो उच्चारला असता तर मी लगेच म्हटलं असतं, मूत्रपिंड चांगलं असेल तरच, आणि म्हणता म्हणता तुमच्या तोंडाकडे बघितलं असतं, आणि मला कळलं असतं. तुम्हालाही हे ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून तुमच्या पिशवीत स्टीलची लहानशी डबी आली. जेवताना तुम्ही ती उघडायचात, चिमूट घेऊन वरणावर भुरभुरायचात, माझ्याकडे बघून मान हलवायचात. केळी वाटून टाकता आली, मीठ वाटता आलं नाही. आणि मी खूश. सरांची काळजी घेतेय म्हणून मनातल्या मनात फुगलेली. डबीतलं संपलं की मीच नवं पाकीट आणून द्यायचे.

ज्या सकाळी तुम्हाला हिंगोलीच्या दवाखान्यात आणलं, मी वर्गातून तशीच पळत आले. तुम्ही बोलत नव्हतात. पडद्यावर तुमच्या हृदयाची रेघ सरकत होती आणि त्यात ती उंच, टोकदार लाट होती, जी मी दरवर्षी फळ्यावर काढून मुलींना विचारते, ही कशाची खूण. रक्ताचा रिपोर्ट येण्याआधीच मला उत्तर आलं होतं: रक्तात पोटॅशियम वाढल्याची. तेवढ्यात तुमचा मुलगा डॉक्टरांना सांगायला लागला, "दोन वर्षापासून किडनीचं चालू हाय. नांदेडच्या डॉक्टरनी डायलिसिस सांगितलंय, पण पप्पा म्हणले पोरींची परीक्षा होऊ द्या." मी तिथेच उभी होते. तुमच्या उशाशी. तो मला वळून म्हणाला, "मॅडम, तुमाला तर ठाऊकच असंल." मी मान हलवली. हो म्हटलं की नाही, मलाच आठवत नाही. डॉक्टरांनी त्यांना जमेल ते सगळं केलं. दुपारपर्यंत तुम्ही गेला होतात.

नंतर मी त्या डॉक्टरांना बाजूला घेऊन मिठाचं विचारलं. ते भले माणूस आहेत. म्हणाले, जेवणातल्या चिमटीभर मिठानं एकट्यानं असं होत नाही, डायलिसिस टाळलं हेच मुख्य कारण. मी म्हटलं, पण सगळं काठावर आलेलं असताना? ते म्हणाले, ते आता कुणीच सांगू शकणार नाही, मॅडम, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. बघा, तुम्ही मला कुठे आणून सोडलंत. मी मारलं की नाही मारलं, एवढंही मला धड कळू दिलं नाहीत. खुन्याला निदान ठाऊक तरी असतं.

गेल्या आठवड्यात वेळापत्रकात तुमचे तास माझ्या नावावर आले. पोटॅशियमचाच धडा होता. मी फळ्यावर पेशी काढली, गाडी काढली, सीटवरचा रुमालही काढला, आणि मग ठरवलं की तुम्ही झाकलेलं मी झाकणार नाही. मुलींना सगळं सांगितलं. सरांचं मूत्रपिंड थकलं होतं, मला ठाऊक नव्हतं, मी त्यांना हे मीठ आणून दिलं आणि ते माझ्यासमोर खात राहिले. कनेरगाव नाक्याची एक मुलगी आहे, तुम्ही जिला वर्गातली वकिलीण म्हणायचात, ती उठली.

"मॅडम, सरला ठाऊक होतं ना त्यात काय असतंय ते?"

"त्यांनीच तर मला शिकवलं."

"मंग काहून खाल्लं त्यांनी?"

तुमचाच प्रश्न. काहून. मी तिला खाली बसायला सांगितलं आणि पुढचा भाग वाचून या म्हणाले. उत्तर घेतल्याशिवाय मला आता तो विषय शिकवता येणार नव्हता. रविवारी मी सेनगावची गाडी पकडली.

काकू अंगणात तूर पाखडत बसल्या होत्या. मला बघून सूप बाजूला ठेवलं, पाणी दिलं. मी फार वळणं घेतली नाहीत. "काकू, मी दिलेलं मीठ सर घरी खायचे का?"

"न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "घरी आळणीच. भाजीपाला चिरून पाण्यात भिजू घालायचा, मंग ते पाणी टाकून शिजवायचा, सगळं मला त्यांनीच शिकवलं व्हतं. घरी त्या पाकिटाला कधी हात लावला न्हाई. सकाळी डबीत भरायचे तेवढंच."

"म्हणजे फक्त शाळेत?"

"तुज्यासमोर," काकू म्हणाल्या. "मी भांडायची. मी म्हणायची, लेकरू जिवापाड करून राहिलंय, सांगून टाका तिला. तर म्हणायचे, चिमटीचा हिशेब मला ठाऊक हाय, तेवढ्यानं काय होत न्हाई. दुसरं काय तरी कमी खातो." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "आन् एक दिवस मी लईच धरून बसले तवा ते बोलले. म्हणले, शाहीनला कळलं की ती मला उद्यापासून पेशंट करून टाकील. बाकी सगळे करा पेशंट, पण तिच्यासमोर मला सरच राहू द्या."

काकूंनी परत सूप हातात घेतलं, काहीतरी करत राहावं म्हणून.

तर हे होतं, सर. माझ्यासमोर सर राहण्यासाठी रोज एक चिमूट. मला यात प्रेम दिसतं, दिसत नाही असं नाही. परतीच्या गाडीत मी रडलेही, शेजारची बाई तिकिटाचे सुटे विचारत होती तरी रडत होते. पण राग गेला नाही. तुम्हाला वाटलं, रसायनशास्त्र आपलं आहे म्हणजे आपलं रक्तही आपलं ऐकेल. बाटलीत द्रावण करावं तसा तुम्ही स्वतःचा हिशेब मांडलात, आणि मला त्या हिशेबात न विचारता धरलंत. माझ्या हातानं. तुमचं दुखणं लपवलंत ते मी एखाद्या दिवशी सोडून देईन. माझा हात वापरलात, ते कसं सोडू?

आणि तुम्ही ज्याला घाबरलात ते अगदी खरं होतं. मी तुम्हाला पेशंट केलं असतं. त्याच दिवशी खडू हातातून काढून घेतला असता, कान धरून नांदेडच्या गाडीत बसवलं असतं, डायलिसिसच्या खाटेशेजारी स्टूल टाकून बसले असते, आणि तुम्ही परीक्षेचं नाव काढलं असतंत तर वयाचा मान न ठेवता ओरडले असते. तुम्ही चिडला असतात. माझ्याशी बोलणं टाकलं असतंत. मुलींना सांगितलं असतंत की हिला मी उगीच शिकवलं. वर्षभर माझ्या टेबलावर डबा उघडला नसतात. मला तसे सर चालले असते.